प्रथमोपचाराच्या वर्गात ‘प्रसंग’ कसा शिकवायचा? मुंबईतल्या प्रशिक्षकांसाठी

सोसायटीच्या हॉलमध्ये शिकाऊ मंडळी सरावाच्या पुतळ्यापाशी येतात, दोन्ही हात पसरून ‘परिसर सुरक्षित!’ असं खणखणीत म्हणतात आणि गुडघे टेकतात. एकदा पावसाळ्यातल्या वर्गात मी मुद्दाम पुतळ्याशेजारची फरशी ओली केली आणि तिथे एक एक्स्टेन्शन बोर्ड ठेवला. बोर्डात वीज नव्हती, पण हे फक्त मला माहीत होतं. एका मुलाने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि थेट त्या बोर्डाला खेटून बसला. वाक्य पाठ होतं, बघायचं राहून गेलं. दोष त्याचा नव्हता. पाच रविवार मी त्याला वाक्यच शिकवलं होतं.

हा लेख प्रथमोपचाराची तंत्रं शिकवता येणाऱ्यांसाठी आहे. पट्टी बांधणं, छातीवर दाब देणं, कुशीवर वळवणं हे तुमची मुलं छान करतात आणि प्रसंग जरा वेगळा झाला की गोठतात किंवा वाटेल ते करतात, अशी तक्रार असेल तर पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. क्रम उलटा झाला की सगळं फिसकटतं.

तयारी: वर्गाच्या आधीचा आठवडा

बारा जणांपेक्षा मोठा वर्ग घेऊ नका. चौघांचे तीन गट करा: एक प्रथमोपचारक, एक रुग्ण, एक बघ्या, एक निरीक्षक. प्रशिक्षक दोन हवेत. एकाने प्रसंग चालवायचा, दुसऱ्याने फक्त खऱ्या धोक्यावर नजर ठेवायची. एकट्याने दोन्ही करायला गेलात तर तुमचं लक्ष नाटकात अडकतं आणि कुणीतरी खरोखर पायरीवरून घसरतं.

सामान साधंच ठेवा. पुतळा, त्रिकोणी पट्ट्या आणि गॉझ तर असतातच. त्यात जुनी ओढणी, लुंगी, चादर, पुठ्ठे, प्लॅस्टिकची खुर्ची, बादली आणि मग घाला. घरात आणि रस्त्यावर हाताशी येतात त्या याच वस्तू.

मग ज्या इमारतीत शिकवणार ती स्वतः चालून बघा. मेन स्विच आणि मीटर रूम कुठे आहे? मीटर रूमची किल्ली कुणाकडे असते? लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का? जुन्या इमारतीत बहुतेक वेळा मावत नाही. लिफ्टला जाळीचा दरवाजा असेल तर तो वरच्या मजल्यावर उघडा राहिला की लिफ्ट खाली येतच नाही, म्हणजे ती खाली आणून धरून ठेवायला एक माणूस लागणार. रात्री कोणतं गेट बंद असतं? रुग्णवाहिका गल्लीत वळते की नाक्यावरच थांबते? हे सगळं लिहून घ्या. तुमचे प्रसंग यातूनच निघतील. परदेशी पुस्तकातला जंगलातला गिर्यारोहक इथे कामाचा नाही.

सावधान: वॉचमन, सेक्रेटरी आणि त्या मजल्यावरचे शेजारी यांना आधी सांगून ठेवा. कंपाउंडमध्ये ‘धावा, धावा’ ऐकून एखाद्या आजीने खरंच १०८ लावलेला असतो. सरावात १०८ किंवा ११२ कधीही फिरवायचा नाही. फोन विमान मोडवर टाकायचा आणि दुसऱ्या प्रशिक्षकाकडे बघून बोलायचं, तो पलीकडचा आवाज होतो.

सावधान: थांबण्याचा इशारा ठरवा. नुसतं ‘थांबा’ चालत नाही, कारण नाटकात रुग्णही ‘थांबा, दुखतंय’ म्हणतो. आमच्याकडे ‘खरंच थांबा’ हे दोन शब्द ठरलेले आहेत. ते कानावर पडले की सगळ्यांचे हात वर. जिवंत माणसाच्या छातीवर दाब किंवा पोटावर झटके सरावासाठी कधीच द्यायचे नाहीत. त्या क्षणी रुग्ण बाजूला, पुतळा पुढे.

टप्पा १: काय बदलत नाही, काय बदलतं

‘प्रसंगानुसार वागा’ असं सांगितलं की अर्धा वर्ग त्याचा अर्थ ‘सुचेल ते करा’ असा घेतो. म्हणून पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन रकाने आखा.

न बदलणाऱ्या रकान्यात मोजक्याच गोष्टी येतात. आधी स्वतःचा जीव. मग हाक मारून, खांदा हलवून शुद्ध बघणं आणि जास्तीत जास्त दहा सेकंद श्वास बघणं. शुद्ध नाही आणि नेहमीसारखा श्वास नाही, तर मदत बोलावणं आणि छातीवर दाब सुरू करणं: मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं. जोरात रक्त वाहत असेल तर त्याच जागी थेट दाब. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. झालं.

बदलणाऱ्या रकान्यात बाकी सगळं: कुठे बसायचं, कोणतं कापड वापरायचं, कुणाला कामाला लावायचं, हलवायचं की नाही, फोन आधी की हात आधी.

आता महत्त्वाचं. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘का’ लिहून घ्या, वर्गाकडूनच. ‘का’ कळलेला माणूसच बदल करू शकतो. कठीण जमिनीवर दाब द्यायचा, का? गादीवर दिला तर छातीऐवजी गादी दबते. हे कळलं की चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, खाटेवर रुग्ण, एका बाजूला कपाट आणि दुसरीकडे शिलाई मशीन असतानाही मुलगी स्वतःच म्हणते, ‘चादरीसकट खाली ओढूया, आणि खाली जागा नसेल तर दार उघडून गॅलरीत घेऊया.’ आणि ते पटकन जमत नसेल तर? खाटेवरच सुरू करायचं; उशीर हा गादीपेक्षा वाईट. तसंच कापडाचं. निर्जंतुक गॉझ नाही म्हणून हात आखडणारे शिकाऊ मी पाहिलेत. रक्त थांबवतो तो दाब. ओढणी चालते, रुमाल चालतो, काहीच नसेल तर तळहात.

तपासणी: कुणालाही मधूनच विचारा, ‘हे असंच का?’ उत्तर ‘पुस्तकात आहे’ असं आलं तर टप्पा २ ला जाऊ नका.

टप्पा २: हात आधी मुरू द्या

प्रशिक्षकांची सगळ्यात मोठी घाई इथे होते. प्रसंग रंगतदार वाटतात म्हणून दुसऱ्याच दिवशी खोटं रक्त निघतं. पण ज्याला दाबाची लय सांभाळतानाच घाम फुटतो, त्याच्या डोक्यात आजूबाजूला बघायला जागा उरत नाही.

दोन मिनिटं दाब, मग माणूस बदल, पुन्हा दोन मिनिटं. मोठ्याने मोजायचं. अर्धवट, घोरल्यासारखा, थांबून थांबून येणारा श्वास हा श्वास नव्हे, हे आवाज काढून दाखवा. लाज वाटली तरी दाखवा. खऱ्या प्रसंगात ‘श्वास चालू आहे’ असं समजून हातावर हात धरून बसण्याची चूक इथूनच होते.

तपासणी: तो दाब देत असताना त्याच्याशी गप्पा मारा. आज डब्यात काय आणलंय, विरारला किती वाजता पोचणार. उत्तर देताना लय टिकली तर तो पुढे जायला तयार. बिघडली तर अजून दोन फेऱ्या.

टप्पा ३: एका वेळी एकच बदल

मूळ प्रसंग तोच ठेवा: पन्नाशीचा माणूस, जमिनीवर, हाक मारल्यावर उत्तर नाही. त्यात एकच गोष्ट बदला आणि विचारा, ‘आता काय तसंच राहील आणि काय बदलेल?’ पहिल्यांदा उत्तर तोंडी, मग कृती.

*पाणी आणि वीज.* तळमजल्यावर गुडघाभर पाणी, मीटर रूमशेजारी माणूस पडलेला. इथे बरोबर उत्तर आहे ‘मी आत जात नाही.’ मेन स्विच बंद करायला लावायचा. तो कोरड्या जागेतून गाठता येत नसेल तर बाहेरूनच मदत बोलवायची आणि इतरांना अडवायचं. अनेकांना हे पळपुटेपणाचं वाटतं. वर्गात भांडू द्या त्यांना, पण पाण्यात पाऊल टाकणाऱ्याला त्याच क्षणी दुसरा रुग्ण म्हणून खाली झोपवा. एवढं पुरतं. रेल्वेच्या वरच्या तारेचाही हाच धडा. उपनगरी मार्गावर त्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि स्पर्श न होताही झटका बसू शकतो. वीज बंद केल्याचं रेल्वे कर्मचाऱ्याने सांगेपर्यंत लांबच राहायचं. काठीबिठी काही नाही.

*भरलेली लोकल.* डब्यात कुणीतरी कोसळलं की पहिला हात साखळीकडे जातो. दोन स्थानकांच्या मध्ये गाडी उभी राहिली तर तिथे स्ट्रेचर येणार कसं? बहुतेक वेळा पुढचं स्थानक काही मिनिटांवर असतं. म्हणून एकाने रेल्वेच्या मदतीचा १३९ लावायचा, एकाने दारात उभं राहून फलाटावर उतरताच स्टेशन मास्तर किंवा रेल्वे पोलिसांना गाठायचं, बाकीच्यांनी जागा करायची. श्वास नसेल तर दाब मात्र तिथेच, दोन बाकांमधल्या वाटेत सुरू. हा प्रसंग हॉलमध्ये उभा करायचा तर आठ खुर्च्या समोरासमोर लावा आणि उरलेला वर्ग मध्ये कोंबा. शिकाऊ माणसाला गुडघे टेकायला जागा मागावी लागली पाहिजे. ‘बाजूला व्हा’ हे सगळ्यांना उद्देशून म्हटलं की कुणीच हलत नाही. ‘निळा शर्ट, तुम्ही मागे सरका’ म्हटलं की निळा शर्ट हलतो.

*थरावरून पडलेला गोविंदा.* इथे दोन नियम एकमेकांवर आदळतात. मानेला इजा असू शकते म्हणून हलवायचं नाही. पण श्वास नसेल तर? श्वास आधी. डोकं-मान एका रेषेत धरून जमेल तितकं सांभाळायचं, पण मानेच्या भीतीने दाब थांबवायचा नाही. श्वास चालू असेल तर उलट काम: चार मित्र हात-पाय धरून उचलायला येतात, त्यांना रोखणं हाच प्रथमोपचार. त्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पोराला ‘तू डोकं दोन्ही हातांनी असं धर, सोडू नकोस’ म्हणून बसवा. तो गुंततो आणि बाकीचे गप्प होतात.

*समुद्रातून काढलेला माणूस.* बुडालेल्याचं हृदय बहुधा प्राणवायू संपल्यामुळे थांबतं, म्हणून श्वास द्यायला शिकलेल्याने आधी श्वास द्यायचे, मग ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं. श्वास देता येत नसतील तर नुसता दाब, पण काहीतरी सुरू. पोट दाबून पाणी काढणं नाही, उलटं टांगणं तर नाहीच. चौपाटीवर हे सांगणारे दहा जण भेटतात, म्हणून तुमच्या बघ्याला तेच बोलायला लावा.

*दुपारची भाजलेली जखम.* हा प्रसंग बारका वाटतो, पण सगळ्यात जास्त घरांत हाच घडतो. ‘वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा’ हे पाठ असतं, आणि मुंबईत दुपारी दोनला नळाला पाणी नसतं. मग ताई टूथपेस्ट आणायला धावतात. पिंपातलं साधं पाणी मगाने सावकाश ओतत राहायचं, खाली बादली ठेवायची, वीस मिनिटं घड्याळ लावून. बर्फ नाही, हळद नाही. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढायच्या. चिकटलेलं कापड ओढायचं नाही.

एका बैठकीत तीनच बदल घ्या. मी एकदा सात घेतले होते आणि शेवटी सगळ्यांनी बुडालेल्या माणसावर पिंपातलं पाणी ओतलं असतं अशी अवस्था झाली होती.

टप्पा ४: विचारेल त्यालाच माहिती

आतापर्यंत तुम्ही प्रसंग सांगत होता. आता गप्प बसा. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड बनवा: वरच्या अर्ध्या भागात नुसतं दिसणारं, खालच्या भागात विचारल्यावर किंवा तपासल्यावरच कळणारं. रुग्ण झालेल्याने आपणहून काही सांगायचं नाही.

नमुना कार्ड. दिसणारं: बसस्टॉपवर चाळिशीचा माणूस, तोल जातोय, बोलणं अडखळतंय, अंग घामाने भिजलंय, जवळ गेल्यावर खेकसतो. विचारल्यास: सकाळपासून जेवलेलो नाही. खिसा किंवा पिशवी बघितल्यास: इन्सुलिनचं पेन. तोंडाजवळ गेल्यास: दारूचा वास नाही.

या कार्डावर दर वर्गात कुणीतरी ‘प्यायलेला आहे, सोडा’ म्हणतंच. साखर कमी झालेला माणूस असाच दिसतो. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखर, ग्लुकोज, शेजारच्या गुऱ्हाळातला उसाचा रस, जे आधी मिळेल ते. गिळता येत नसेल तर तोंडात काही नाही, कुशीवर वळवा आणि १०८. आणि वास आला असता तरी? साखर कमी होण्याची शक्यता तेवढ्याने संपत नाही. हा प्रश्न वर्गावर सोडून द्या.

तपासणी: निरीक्षकाने फक्त दोन गोष्टी टिपायच्या: पहिल्या मिनिटात किती प्रश्न विचारले, आणि निर्णयाआधी किती.

टप्पा ५: मध्येच पान उलटा

शिकाऊ माणूस साधारण दोन मिनिटं नीट काम करत असेल तेव्हाच एक बदल आणा. रुग्णाला उलटी होते. मदतनीस म्हणतो, ‘माझी ट्रेन आहे,’ आणि निघून जातो. १०८ कडून कळतं की गाडीला वेळ लागेल. फोनची बॅटरी संपते. कुणीतरी ओरडतं, ‘हात लावू नका, पोलीस केस होईल!’

या शेवटच्या वाक्याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ हवं. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ हे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलं आहे. सद्भावनेने मदत केली तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि पोलीस वा रुग्णालय त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. पण कलमाचं भाषण नको. ‘काही होत नाही, कायदा आपल्या बाजूने आहे, तुम्ही टॉर्च धरा,’ एवढंच.

टॅक्सीचा पेच मात्र वेळ देऊन घ्या. लोक काळी-पिवळी थांबवतात आणि रुग्णाला मागच्या सीटवर कोंबतात. कधी बरोबर, कधी जीवघेणं. विचारायचा क्रम असा लावा. श्वास आहे का? नसेल तर हलवायचं नाही. टॅक्सीच्या सीटवर दाब देता येत नाही. पाठ-मानेला मार आहे का? असेल आणि जागा सुरक्षित असेल तर थांबा. यातलं काही नाही, रक्त दाबूनही पूर्ण आवरत नाही, आणि रुग्णवाहिका खूप लांब आहे? मग टॅक्सी, पण कुठल्या रुग्णालयात हे बसण्याआधी ठरवून, जखमेवर दाब ठेवणारा माणूस मागे बसवून, आणि १०८ ला कळवून.

सावधान: बदल म्हणजे सापळा नव्हे. हरवण्यासाठी प्रसंग रचलात तर पुढच्या वेळी तो माणूस पुढे येणारच नाही. आणि तीन बदल एकदम आणणारा प्रशिक्षक स्वतःचीच करमणूक करत असतो.

टप्पा ६: नंतरचं बोलणं

पाच मिनिटांच्या प्रसंगाला दहा मिनिटं चर्चा धरा. प्रसंग चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हात शिवशिवले तरी. बोलण्याचा क्रम: आधी ज्याने केलं तो, मग रुग्ण, मग निरीक्षक, शेवटी तुम्ही. रुग्णाचं बोलणं चुकवू नका. ‘सगळे माझ्या डोक्यावरून बोलत होते, मला कुणी काही सांगितलंच नाही’ हे वाक्य तुमच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा खोल जातं.

प्रश्न तीनच. काय दिसलं? काय ठरवलं? काय सोडून दिलं? ‘हे का नाही केलंस?’ असं विचारलं की माणूस सबब शोधू लागतो.

आता निकाल लावताना टप्पा १ चे रकाने आठवा. न बदलणारं काही मोडलं असेल तर ते सरळ, नाव घेऊन चूक म्हणा: दाब थांबला, बेशुद्धाच्या तोंडात पाणी गेलं. पण निवड तुमच्यापेक्षा वेगळी असेल आणि तिला कारण असेल, तर ती चूक नाही. मी एका ताईंना चादरीऐवजी खुर्चीवरून खाली आणल्याबद्दल टोकलं होतं. त्या म्हणाल्या, ‘सर, आमच्या जिन्याचं वळण तुम्ही बघितलंय का?’ बघितलं नव्हतं.

बोलणं संपलं की लगेच तोच प्रसंग पुन्हा, त्याच माणसाकडून. ही दुसरी फेरी वेळेअभावी सगळे गाळतात. गाळायचीच असेल तर पुढचा नवा प्रसंग गाळा.

टप्पा ७: उजळणीचं वेळापत्रक

हातातलं कसब काही महिन्यांतच सुटायला लागतं, म्हणून वर्षातून एकदा सहा तासांऐवजी चार वेळा दीड तास बरा. मे महिन्यात उष्माघात: मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता पंखा पुरत नाही, म्हणून अंगावर भरपूर पाणी आणि मान, काख, जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ. जूनच्या आधी पाणी-वीज. गोकुळाष्टमीच्या आधी मंडळात मानेचा प्रसंग. विसर्जनाच्या आधी बुडणं, आणि पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला मासा) डसल्यावर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवणं.

वर्ग आवरताना कार्डं मोजून परत घ्या, नाहीतर पुढच्या गटाला उत्तरं आधीच कळतात. पुतळ्याचं तोंड जंतुनाशकाने पुसा. आणि खोटं रक्त कुंकवाचं केलं असेल तर सेक्रेटरी खाली यायच्या आत हॉलची फरशी धुऊन घ्या. वाळलेलं कुंकू पांढऱ्या टाइल्सच्या सांध्यांतून निघत नाही.